आजारातून उठलो, पण दम का लागतो?

तीव्र विषाणू-न्यूमोनियानंतर फुप्फुसांची निगा

रोगी इस्पितळातून घरी आला की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. शेजारीपाजारी भेटून जातात, कोणी फळे आणतात, कोणी अंडी आणून देतात. चार-आठ दिवसांत सर्वांना वाटू लागते की झाले, आजार संपला. रोग्याला स्वतःला मात्र वेगळाच अनुभव येत असतो. विहिरीपर्यंत जाऊन आले तरी धाप लागते. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहावे लागते. बोलता बोलता वाक्य अर्धे राहते. मग काहीजण घाबरून अंथरूण धरतात आणि म्हणतात, "माझी फुप्फुसे गेली." काहीजण लाजेने गप्प बसतात आणि दुसऱ्याच आठवड्यात कुदळ उचलतात. या दोन्ही वागण्यांत नुकसान आहे.

कोरोनाच्या साथीत, विशेषतः २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, आपल्या भागातील कितीतरी घरांतील माणसे प्राणवायूवर राहून परत आली. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली, पण विषाणू काही गेलेला नाही. फ्लूचेही तसेच. १९१८ च्या फ्लूला आपल्याकडील जुनी माणसे 'मानमोडी' म्हणत. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, तेव्हा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. आजही पावसाळ्यात आणि थंडीत फ्लूने काही माणसांना न्यूमोनिया होऊन इस्पितळात जावे लागते. म्हणून हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जे नुकतेच अशा आजारातून उठले आहेत. दुसरे, जे २०२१ साली घरी आले, ज्यांना अजून दम लागतो, आणि ज्यांनी त्याची कधीच तपासणी करून घेतली नाही.

सांगायचे ते थोडक्यात असे. फुप्फुसे बहुधा भरून येतात, पण त्याला महिने लागतात. आणि दम लागण्याचे कारण दरवेळी फुप्फुसच असते असे नाही. म्हणून भिऊ नये, घाई करू नये, आणि तपासल्यावाचून राहूही नये.

फुप्फुसात काय घडते

आपल्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी इवलेसे वायुकोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले, तर पंचवीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अशा सभागृहाची जमीन झाकून जाईल. प्रत्येक कोशाभोवती रक्ताच्या केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे असते. आत हवा, बाहेर रक्त, आणि दोहोंमध्ये एक पडदा. हा पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातून प्राणवायू रक्तात उतरतो.

या कोशांच्या भिंतीत दोन जातींच्या पेशी असतात. पहिल्या चपट्या. त्यांच्यातून वायूची देवाणघेवाण होते. दुसऱ्या गोलसर. त्या साबणाच्या पाण्यासारखा एक द्रव तयार करतात आणि त्यामुळे श्वास सोडताना कोश चिकटून बंद होत नाहीत. चपट्या पेशी मेल्या, तर त्यांची जागा भरून काढण्याचे कामही या गोलसर पेशीच करतात. कोरोनाचा विषाणू मुख्यत्वे याच दुसऱ्या पेशींवर हल्ला करतो. म्हणजे घर मोडते, आणि घर दुरुस्त करणारा गवंडीही जायबंदी होतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांना आलेला पूर बेळगाव जिल्ह्यातील शेतकरी विसरलेले नाहीत. पाणी ओसरले, तरी दुसऱ्या दिवशी पेरणी करता आली नाही. शेतात गाळ होता, बांध फुटले होते, पाट बुजले होते. तीव्र न्यूमोनियात फुप्फुसाचे असेच होते. सुजेमुळे कोशांत पाणी आणि पेशींचा कचरा भरतो. बारीक रक्तवाहिन्यांत कधी गुठळ्या होतात. ताप उतरतो, विषाणू नाहीसा होतो, रोगी घरी येतो, पण गाळ उपसण्याचे काम आतून चालूच असते. सीटी स्कॅनमध्ये तो भाग काचेवर वाफ धरावी तसा धुरकट दिसतो.

दुरुस्ती करताना शरीर त्या जागी तंतू विणते. जखम भरून आली की यातील बरेच तंतू हळूहळू विरघळून जातात. काही रोग्यांत ते राहतात आणि तेथे कायमचा वण होतो. वणाची जागा जाड आणि ताठ असते. तेथून प्राणवायू सावकाश जातो आणि फुप्फुस पूर्ण फुगत नाही. किती भाग वण होऊन राहील, हे पहिल्या महिन्यात कोणीही सांगू शकत नाही. घरी येताना हातात पडलेला स्कॅनचा कागद म्हणजे शेवटचा निकाल नव्हे.

किती दिवस लागतात?

या प्रश्नाचे उत्तर रोग्यांना वर्षानुवर्षे तपासत राहिलेल्या डॉक्टरांनी दिले आहे.

२००३ मध्ये चीनमध्ये सार्स नावाची साथ आली होती. तिचा विषाणू कोरोनाचाच भाऊबंद. बीजिंगमधील ज्या आरोग्यसेवकांना तो आजार झाला, त्यांपैकी ७१ जणांना डॉक्टरांनी २०१८ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे तपासले. फुप्फुसातील बिघाड पहिल्या एक-दोन वर्षांत बराच कमी झाला. त्यानंतर जे थोडे डाग उरले, ते फारसे बदलले नाहीत.

कोरोनानंतर वूहान शहरातील ८३ रुग्णांची वर्षभर तपासणी झाली. हे सर्व तीव्र आजारी होते, पण कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर गेलेले नव्हते. फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता तीन महिन्यांनी अपेक्षेच्या ७७ टक्के होती, ती बारा महिन्यांनी ८८ टक्के झाली. हे मधले आकडे आहेत, कोणाचे अधिक, कोणाचे कमी. वर्षानंतरही तिघांपैकी एकाची ही क्षमता कमीच होती, आणि चौघांपैकी एकाच्या स्कॅनमध्ये काही खुणा उरल्या होत्या.

त्याच शहरातील १२७६ रुग्णांची दुसरी एक पाहणी आहे. सहा महिन्यांनी शंभरातील ६८ जणांना काही ना काही त्रास होता. वर्षाने तो आकडा ४९ वर आला. आधी नोकरी-धंदा करणाऱ्यांपैकी बहुतेक, शंभरातील ८८, आपल्या मूळ कामावर परतले होते.

आपल्या देशातील माहितीही उपलब्ध आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पहिल्या लाटेतील २०७ रुग्ण तपासले आणि त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातील ४४ जणांमध्ये वायू रक्तात जाण्याची क्षमता कमी होती. शंभरातील ३५ जणांची फुप्फुसे पूर्ण फुगत नव्हती. हे आकडे वाचून पुष्कळांनी धसका घेतला. पण ही तपासणी आजारानंतर सरासरी दोन महिन्यांनी केलेली होती, हे ध्यानात घ्यावे. दोन महिन्यांचे शेत पाहून वर्षाचे पीक ठरवू नये. मात्र एवढे खरे की आपल्या लोकांत हा त्रास थोडाथोडका नाही, आणि "सगळ्यांनाच होते" म्हणून तो झटकून टाकणे बरे नव्हे.

सर्व दोष फुप्फुसाला देऊ नका

कॅनडातील टोरांटो येथे एक महत्त्वाची पाहणी झाली. फुप्फुसे पाण्याने भरून अतिदक्षता विभागात राहिलेल्या आणि वाचलेल्या १०९ रुग्णांवर डॉक्टरांनी पाच वर्षे लक्ष ठेवले. त्यांना फुप्फुसांचा हा बिघाड निरनिराळ्या कारणांनी झाला होता. घरी जाताना त्यांचे वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटले होते. फुप्फुसात मावणारी हवा सहा महिन्यांत जवळजवळ पूर्ववत झाली. पण सहा मिनिटांत ते जितके अंतर चालू शकत, ते पाच वर्षांनंतरही अपेक्षेच्या सुमारे तीन-चतुर्थांशच होते. मुख्य कारण काय, तर स्नायूंचा अशक्तपणा. अंथरुणावर पडून मांड्या आणि पिंढऱ्या वाळल्या, श्वासाचे स्नायूही दुबळे झाले. अशा माणसाला दम लागतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे आहार आणि चालणे.

आणखीही कारणे असतात. पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे, हे स्त्रियांमध्ये पुष्कळदा आढळते. हृदय कमजोर झाले, तर उताणे झोपल्यावर धाप लागते आणि पायांना सूज येते. जुना दमा उसळतो. पायातील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकते. भीतीने श्वास उथळ आणि भराभर होतो, त्यानेही दम लागल्यासारखे वाटते. हा शेवटचा त्रास काल्पनिक नसतो. तो खरा असतो आणि शिकवल्याने जातो.

आणि क्षयरोगाला विसरू नका. न्यूमोनियानंतरचा खोकला म्हणून माणसे महिनोनमहिने खोकल्याची बाटली पीत राहतात आणि खरे कारण क्षय निघते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरू लागले, रात्री घाम फुटू लागला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आहारासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत. लाज धरून हा रोग घरात ठेवणे म्हणजे आपल्या मुलांना तो देणे होय.

तपासणी केव्हा करावी?

ज्यांना प्राणवायू लागला होता, त्यांनी घरी आल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवावे. बारा आठवड्यांनी, म्हणजे तीन महिन्यांनी, छातीचा एक्स-रे काढावा. एक्स-रे स्वच्छ असेल आणि दमही लागत नसेल, तर पुढे फार काही करावे लागत नाही. एक्स-रेत डाग असतील किंवा दम लागत असेल, तर श्वासाची क्षमता मोजणारी फुंकर-तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन करतात. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि रक्तातील साखरही पाहावी. दर महिन्याला स्कॅन काढण्यात अर्थ नाही. त्याने पैसा जातो आणि किरण अंगावर घेतले जातात.

आजाराला वर्षे उलटून गेली आणि दम अजून आहे, अशांनीही ही तपासणी आता करावी. उशीर झाला म्हणून ती फुकट जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या दीर्घ त्रासाची व्याख्या केली, तीतही असे म्हटले आहे की दुसऱ्या कोणत्याही रोगाने उलगडा होत नसेल, तरच त्रासाला हे नाव द्यावे. म्हणजे आधी दुसरे रोग तपासायला हवेत.

पुढील लक्षणे दिसली तर तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी इस्पितळ गाठावे:

— एकाएकी वाढलेली धाप, किंवा श्वास घेताना छातीत कळ येणे;
— एकाच पायाला सूज आणि दुखणे;
— थुंकीतून रक्त पडणे;
— ओठ निळसर होणे, भ्रम किंवा गुंगी येणे;
— स्वस्थ बसले असताना ऑक्सिमीटरचा आकडा ९० च्या खाली जाणे.

घरी दम कसा मोजावा?

साथीच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि आता कपाटात पडून आहेत. ते बाहेर काढून सेल बदलावेत. नखाला रंग किंवा मेंदी नसावी, बोट गार नसावे. पाच मिनिटे शांत बसून मग आकडा पाहावा. ९५ किंवा वर असेल तर ठीक. वारंवार ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मात्र हे यंत्र सावळ्या आणि काळ्या त्वचेवर थोडा जास्त आकडा दाखवू शकते, हे अमेरिकेतील मिशिगन येथे २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले आहे. म्हणून आकडा चांगला आहे पण माणूस कासावीस आहे, अशा वेळी माणसाकडे पाहावे, यंत्राकडे नव्हे.

बसून आकडा ९५ किंवा वर असेल, तर सहा मिनिटे चालून पाहावे. सपाट अंगणात, आपल्या चालीने, सोबत कोणीतरी ठेवून. आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा. तो ४ किंवा अधिकने खाली आला, तर फुप्फुसाला अजून ओझे पेलत नाही असे समजून डॉक्टरांना सांगावे. चक्कर आली, छातीत दुखले किंवा आकडा ९० च्या खाली गेला, तर तेथेच थांबावे. दर आठवड्याला किती पावले किंवा किती फेऱ्या झाल्या, हे कॅलेंडरवर टिपत गेल्यास सुधारणा डोळ्यांना दिसते. तिच्यासारखे औषध नाही.

श्वास आणि चाल

पहिला व्यायाम फुंकरीचा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा. मग ओठ मिटत आणून, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू सोडावा. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ द्यावा. चालताना धाप लागली की थांबून, पुढे किंचित वाकून, हात गुडघ्यांवर किंवा बांधावर टेकवून अशा आठ-दहा फुंकरी घालाव्यात.

दुसरा पोटाच्या श्वासाचा. उशीला टेकून बसावे, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा फारसा हलू नये. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरेत.

तिसरा चालण्याचा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. सोसेल तसे दर आठवड्याला दोन-चार मिनिटे वाढवावे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले तर चाल कमी करावी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालता येऊ लागले की खुर्चीतून उठबस, पायरी चढणे अशी कामे जोडावीत.

येथे एक सावधानता आहे. काही जणांना व्यायाम केल्यावर त्या दिवशी बरे वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते अगदी गळून जातात आणि अंथरुणाला खिळतात. अशांनी जोर करून वाढवत जाऊ नये. जेवढे केल्यावर दुसरा दिवस बरा जातो, तेवढेच करावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा आळस नव्हे.

वाळलेले स्नायू भाताच्या पेजेने भरत नाहीत. पेज पचायला हलकी म्हणून चांगली, पण तिच्याबरोबर अंडे, मासळी, डाळ, मोडाची उसळ, शेंगदाणे, दूध यांपैकी काहीतरी रोज हवे. नाचणीची भाकरीही उत्तम. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा.

शेतात परत केव्हा जावे?

शेतकरी फार दिवस घरात बसू शकत नाही, हे खरे. पण कामाची पायरी धरावी. आधी उभ्याने पाहणी आणि देखरेख. मग पाणी सोडणे, बसून करायची हलकी खुरपणी. पन्नास किलोचे पोते उचलणे, खणणे, नांगर धरणे ही कामे सर्वांत शेवटी, आणि ती सकाळच्या गारव्यात.

धुळीची कामे मात्र वेगळी आहेत. मळणी, उफणणी, कोंड्याची पोती भरणे, पावसात भिजून बुरशी धरलेले गवत किंवा कडबा झटकणे, साठवून कुजलेली उसाची चिपाडे हलवणे, या सर्वांत बुरशीचे सूक्ष्म कण नाकातून थेट वायुकोशांत जातात. काही माणसांच्या फुप्फुसांना ते मानवत नाहीत. काम करून चार ते आठ तासांनी ताप, खोकला, धाप सुरू होते. माणसाला वाटते, पुन्हा फ्लू झाला. दोन दिवसांत बरे वाटते आणि तो पुन्हा गंजीकडे जातो. असे वारंवार झाले, तर त्यानेही फुप्फुसात कायमचे वण होतात. आधीच जखमी असलेल्या फुप्फुसाला हा दुसरा मार परवडत नाही. म्हणून अशी कामे आणि औषधफवारणी, डॉक्टरांनी पुन्हा तपासून होकार देईपर्यंत दुसऱ्याने करावीत. नंतरही वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावून करावीत. उपरण्याने किंवा ओल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही.

घरातील धूरही तसाच. लाकूड आणि गोवऱ्यांच्या चुलीपाशी आजारातून उठलेल्या बाईला बसवू नये. गॅस असेल तर निदान वर्षभर तिचा स्वयंपाक गॅसवरच व्हावा. पाणी तापवायची चूल घराबाहेर हलवावी.

विडीबद्दल काय सांगावे? निपाणीच्या आसपास तंबाखूवर पुष्कळ घरे चालतात, हे ठाऊक आहे. पण जखमी फुप्फुसात धूर सोडणे म्हणजे रोपाच्या मुळाशी उकळते पाणी ओतणे. 'कमी केली आहे' हे पुरेसे नाही. ती बंदच केली पाहिजे. इस्पितळात इतके दिवस विडीवाचून निघाले, तेच सोडण्याची सुरुवात समजावी. तंबाखूची धूळ उडते तेथील कामही या काळात नको.

औषधांविषयी दोन शब्द

जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत दिसून आले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड, दिवसाला ६ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त दहा दिवस दिले असता, यंत्रावर असलेल्या रोग्यांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रोग्यांतील एक-पंचमांशाने कमी होतात. या औषधाने असंख्य जीव वाचले. पण तीव्र आजारात उपयोगी पडलेले औषध महिनोनमहिने घेत राहावे असा त्याचा अर्थ नाही. चंदीगडच्या डॉक्टरांनी, कोरोनानंतर फुप्फुसात डाग आणि त्रास उरलेल्या १३० रुग्णांवर चाचणी केली. काहींना स्टेरॉइडची ४० मिलिग्रॅमची मोठी मात्रा आणि काहींना १० मिलिग्रॅमची लहान मात्रा सहा आठवडे दिली. मोठ्या मात्रेने अधिक फायदा झाला नाही.

स्टेरॉइडने साखर वाढते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने जी माणसे गेली, त्यांत मधुमेह आणि स्टेरॉइड ही दोन कारणे वारंवार दिसली. त्याच वर्षी मुंबईत कोरोनानंतर खुब्याचे हाड झिजल्याचे रुग्णही आढळले. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून ही गोळी आणू नये. चालू असेल तर एकदम बंदही करू नये. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच. आजारानंतर जांघेत किंवा खुब्यात दुखू लागले, तर ते वाऱ्याचे दुखणे म्हणून तेल चोळत बसू नये.

फुप्फुसातील वण रोखण्याची म्हणून काही महाग औषधे दिली जातात. ती मुळात दुसऱ्या जुनाट फुप्फुसविकारांसाठी आहेत. छातीच्या तज्ज्ञाने कारण सांगून दिली, तरच घ्यावीत. वाफेने नाक आणि घसा मोकळा होतो, पण ती वायुकोशांपर्यंत पोचून वण घालवत नाही. वाफ घेताना भाजून घेतलेली मुले मात्र पुष्कळ आहेत. फ्लूची लस दरवर्षी, आणि वयस्कर किंवा मधुमेही माणसांनी न्यूमोनियाची लस घ्यावी की कसे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. जखमी फुप्फुसाला दुसरा न्यूमोनिया होऊ न देणे, हीच मोठी निगा आहे.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी

आजारातून उठलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ते लोकांचे बोलणे. "दिसतोस तर धडधाकट!" फुप्फुसाचा वण कपड्यावरून दिसत नाही. वूहानच्या रुग्णांत सहा महिन्यांनीही चौघांपैकी एकाला झोप लागत नव्हती आणि जवळजवळ तितक्यांनाच काळजी व उदासी घेरून होती. अशा माणसाला उपदेशापेक्षा सोबत हवी. संध्याकाळी दहा मिनिटे त्याच्या चालीने त्याच्याबरोबर चालणारा शेजारी त्याला गोळीइतकाच उपयोगी पडतो.

आपल्या गावांत इर्जिकीची जुनी चाल आहे. एकाचे शेत सर्वांनी मिळून नांगरायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे. ट्रॅक्टर आले आणि ही चाल मागे पडली. पण जो माणूस यंदा कुदळ धरू शकत नाही, त्याच्यासाठी ती पुन्हा काढायला हरकत नाही. मळणीचे दोन दिवस त्याच्या घरचे काम दुसऱ्यांनी उचलले, तर त्याच्या फुप्फुसाला वर्षभराची सवड मिळते. धर्मग्रामातील तरुणांनी आणि महिला मंडळांनी याचा विचार करावा. ज्या घरी कोणी प्राणवायूवर राहून आले आहे, त्या घरी जाऊन एवढेच विचारावे: तीन महिन्यांचा एक्स-रे झाला का? थुंकी तपासली का? सोबत येऊ का?

पुराने गाळ आणलेली जमीन कोणी टाकून देत नाही. ती उपसतात, बांध घालतात, एक हंगाम धीर धरतात, आणि मगच पेरतात. आपल्या श्वासालाही तेवढाच धीर आणि तेवढीच मेहनत द्यावी.